वर कोण, खाली कोण?

मागच्या भागात एकट्याने करायचे तोल बघितले. एका पायावर उभं राहायचं, नजर समोरच्या एका ठिपक्यावर, मनात तीन आकडे. डोळे मिटले की पोरं लगेच डुलायला लागतात, आठवतंय ना?

आज जोडीचे तोल. आधी माझी चूक सांगतो. सुरुवातीला मी जाडसर मुलाला सरळ खाली ठेवायचो आणि हडकुळ्याला वर. दहीहंडीचे थर बघत वाढलेलो, डोक्यात तेच. एकदा खालचा मुलगा म्हणाला, "सर, मी कधीच वर नाही का?" मी गप्प.

आता सारख्या वजनाच्या जोड्या लावतो आणि अदलाबदल होतेच. सुरुवात समोरासमोर. एकमेकांची मनगटं धरायची, बोटं नाही, ती निसटतात. पाय जवळ, अंग ताठ, दोघांनी हळूहळू मागे रेलायचं. यात वर-खाली कुणीच नाही.

मग एकाने घोडा व्हायचं: तळहात खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली. वरच्याने भार खांद्यांवर किंवा कमरेच्या हाडावर द्यायचा. पाठीच्या मध्यावर अजिबात नाही! गादी हवीच. आणि चढण्याआधी उतरायला शिकवायचं. "उतर" म्हणायचा हक्क खालच्याचा. तो म्हणाला की वरच्याने लगेच उतरायचं, का वगैरे विचारायचं नाही.

तो मुलगा पहिल्यांदा वर गेला, तेव्हा दोनपर्यंत मोजलं आणि दोघांनाही हसू फुटलं. धपकन गादीवर. "सर, परत!"