मनगटाची शिस्त

पेण तालुक्यांतील हमरापूर हें गांव गणेशमूर्तींसाठीं प्रसिद्ध आहे. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या परिसरांत मूर्तींचे अनेक कारखाने आहेत. मूर्ति साच्यांतून निघते, वाळते, रंगते. परंतु तिला देवपण येतें तें डोळ्यांची आखणी झाल्यावर. त्या वेळीं कुंचल्याचें टोंक केसभर ढळलें तरी दृष्टि तिरपी होते आणि आधींच्या सर्व श्रमांवर पाणी पडतें. जाणता कारागीर त्या वेळीं हात अधांतरीं ठेवीत नाहीं. हाताला टेका देतो, कुंचला मात्र हलकाच धरतो.

टेका भक्कम आणि पकड हलकी, हाच नियम पूल नांवाच्या खेळालाही लागू पडतो. हा खेळ बिलियर्डच्या कुळांतला, आणि त्या कुळाशीं महाराष्ट्राचें नातें जुनें आहे. पुण्यास १९२२ सालीं जन्मलेले विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं कलकत्त्यास व १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें हौशी बिलियर्डपटूंचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें.

पुलाच्या मोठ्या टेबलाचा खेळावयाचा भाग १०० इंच लांब व ५० इंच रुंद असतो. चेंडू सव्वादोन इंच व्यासाचा. पांढरा चेंडू अवघ्या एका अंशानें वांकडा गेला, तर ५० इंचांवर तो पाऊण इंचाहून अधिक बाजूला सरतो. मनगटाची एवढीशी वळवळ हातचा डाव घालविण्यास पुरेशी होते.

ही वळवळ येते कोठून? बोटें मिटविणारे मुख्य स्नायू कोपराच्या बाजूनें निघून मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मूठ आवळली कीं मनगटही ओढलें जातें. म्हणून नवशिका जितक्या निश्चयानें काठी घट्ट धरतो, तितकी ती अधिक ढळते. काठी बोटांत सैल लोंबती ठेवावी, डावा हात टेबलावर पक्का टेकवावा आणि उजवा हात कोपरापासून घड्याळाच्या लंबकाप्रमाणें हलवावा.

बाजारांत मनगट जखडणारे पट्टे मिळतात. पट्ट्यानें मनगट सरळ राहतें खरें. पण तें पट्ट्याचें काम झालें, हाताचें नव्हे. मूठ आवळण्याची खोड तशीच राहिली, तर पट्टा सुटतांच दोष परत येतो. याहून घरांतील रिकामी बाटली बरी. ती आडवी ठेवून तिच्या तोंडांत काठीचें टोंक न घासतां आंतबाहेर न्यावें. कांच वाजली कीं चूक कळली. दुसरी परीक्षा टेबलावरच होते. पांढरा चेंडू मध्यरेषेवरून समोरच्या कडेवर मारावा. तो परत काठीच्या टोंकाशीं आला, तर घाव सरळ बसला. बाजूला गेला, तर हात ढळला किंवा चेंडूचा मध्य चुकला.

साधन हवें तें असें, चूक दाखविणारें. चूक झांकणारें साधन विद्यार्थ्यास पंगु करतें. कित्ता गिरविणाऱ्या मुलास अखेर कोऱ्या कागदावर लिहावेंच लागतें. म्हणून ज्यास पट्टा वापरावयाचाच असेल, त्यानें पांच घाव पट्ट्यासह मारले तर पुढचे पांच पट्ट्यावांचून मारावे, आणि आपली प्रगति या दुसऱ्या पांचांवरूनच मोजावी.