येशूचे यहुदीपण



ख्रिस्ती धर्माच्या उगमाचा शोध घेणाऱ्या या परिषदेत आपण जमलो आहोत.

हा विषय अलिबागला परका नाही. जहाज फुटल्यावर आपले पूर्वज जवळच्याच नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे बेने इस्रायली यहुद्यांची परंपरा सांगते. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. इथली इस्रायल आळी त्यांचीच. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीजमिश्रित बोली बोलणारे ख्रिस्ती राहतात. एका मुळाच्या दोन परंपरा आमच्या शेजारात नांदल्या आहेत.

येशूच्या काळी यहुदी असण्याची रीत एकच नव्हती. इतिहासकार जोसेफस परूशी, सदूकी आणि एसेनी या पंथांची ओळख करून देतो. मेलेले पुन्हा उठतील, हे परूशी मानत आणि सदूकी नाकारत. अलेक्झांड्रियात फायलो मोशेचे धर्मशास्त्र ग्रीक तत्त्वज्ञानाच्या अंगाने उलगडत होता. 1947च्या सुमारास कुमरानजवळच्या गुहांत हस्तलिखिते सापडू लागली आणि स्नानशुद्धी व सहभोजन पाळणारा, मशीहाची वाट पाहणारा एक यहुदी समुदाय आपल्याच शब्दांत आपल्यापुढे आला.

येशू या मतमतांतरांतच वाढला. तो यहुदी होता, त्याचे पहिले शिष्य यहुदी होते आणि पौलाने स्वतःला परूशी म्हटले आहे. शब्बाथ, शुद्धाशुद्ध, मंदिर यांवरचे त्यांचे वाद घरातले होते. इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, पण एका दिवसात नव्हे आणि सगळीकडे सारख्याही नव्हे. घरातल्या वादातले कठोर शब्द मात्र नंतरच्या ख्रिस्ती जगाने यहुद्यांवर उगारले आणि त्या समाजाने शतकानुशतके छळ सोसला. म्हणूनच या इतिहासाचा नीट अभ्यास हे माझ्या मते न्यायाचे काम आहे.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. मूळ भाषांपर्यंत जाण्याची ती वाट आपल्या तरुण अभ्यासकांनी पुन्हा धरावी. इथे मतभेद मोकळेपणाने मांडावेत; या विषयाचा जन्मच मतभेदांतून झाला आहे. आणि इथून परतताना एवढे सोबत न्यावे: येशूला समजून घ्यायचे तर त्याच्या माणसांचा मान राखूनच.