चांद्याच्या वेशीवरील सिंह : भूमी, जन आणि राजचिन्ह



युरोपच्या नकाशावर स्लोव्हेनिया नावाचा एक चिमुकला देश आहे. क्षेत्रफळ सुमारे २० हजार २७३ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे २१ लाख. १९९१ साली युगोस्लाव्हियातून बाहेर पडून तो स्वतंत्र झाला. त्याच्या ध्वजावरील ढालीत त्रिग्लाव्ह हा तीन शिखरांचा पर्वत आहे. खाली समुद्र आणि नद्या दाखविणाऱ्या दोन लाटा आहेत आणि वर एका जुन्या सरदार घराण्याचे तीन तारे आहेत. देशाची भूमी, देशाचे पाणी आणि देशाचा इतिहास एका लहानशा ढालीत मावला आहे.

आता आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांकडे पाहावे. दोहोंचे मिळून क्षेत्रफळ २५ हजार ८५५ चौरस किलोमीटर, म्हणजे स्लोव्हेनियाहून मोठे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे ३२ लाख ७७ हजार. जिल्हे म्हणजे देश नव्हेत. ते या विशाल भारतदेहाचे अवयव आहेत, हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु ज्याला आपल्या अवयवांची नावे ठाऊक नाहीत, त्याला देहाची ओळख कशी पटावी? पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत या प्रदेशाची ओळख वाघ, कोळसा आणि नक्षलवाद या तीन शब्दांपलीकडे क्वचितच जाते. म्हणून आज या प्रदेशाची भूमी, येथील जन आणि त्यांचे प्रतीक या क्रमाने हा परिचय करून घ्यावयाचा आहे.

प्रथम भूमी. या प्रदेशाच्या सीमा नद्यांनी आखल्या आहेत. पश्चिमेकडून वर्धा येते, दोन जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते. चपराळ्याजवळ या दोघींचा संगम होऊन तिचे नाव प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीस मिळते. पूर्वेकडे इंद्रावती छत्तीसगडची सीमा सांगते. गडचिरोलीचा सुमारे तीन-चतुर्थांश भूभाग वन म्हणून नोंदलेला आहे. अल्लापल्लीच्या सागवानाची कीर्ती फार जुनी. २०२३ साली याच वनप्रदेशातील सागवान अयोध्येच्या श्रीराम मंदिरासाठी सन्मानपूर्वक रवाना झाले. ताडोबाचे अरण्य १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. वाघाशी झुंजताना प्राणास मुकलेल्या तारू नावाच्या गोंड वीराची स्मृती त्या नावात आहे, असे लोकपरंपरा मानते. भूमीच्या पोटात कोळसा आहे. त्यावर चालणाऱ्या चंद्रपूर वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट असून महाराष्ट्रातील कितीतरी घरांचे दिवे त्या विजेवर लागतात.

आता जन. गोंड, माडिया, परधान, कोलाम हे या वनभूमीचे जुने रहिवासी. गडचिरोलीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के आहे. त्यांच्या शेजारी झाडीबोली बोलणारा मराठी शेतकरी आहे, सिरोंचाकडे तेलुगू बोलणारा समाज आहे, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालातून आलेली निर्वासित कुटुंबे स्थिरावली आहेत. दिवाळीनंतर वडसा परिसरातून झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या गावोगाव निघतात आणि रात्र रात्र नाटके रंगतात.

एक गोष्ट मात्र विचारात घेण्यासारखी आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणाऱ्यांची देशभरातील संख्या २९ लाख ८४ हजार नोंदली गेली. स्लोव्हेनियाच्या एकंदर लोकसंख्येहून ती अधिक आहे. स्लोव्हेनियाची भाषा २००४ पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. आपली गोंडी मात्र संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत नाही आणि बहुतेक गोंड बालकांना शाळेत पहिला धडा परक्या भाषेतच गिरवावा लागतो. वनवासी बांधव आपले आहेत असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने या वस्तुस्थितीचा विचार केला पाहिजे.

आणि आता प्रतीक. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने पंधराव्या शतकात बल्लारपूर सोडून झरपट नदीकाठी हे नगर वसविण्यास प्रारंभ केला. त्याच्या वंशजांनी सुमारे ११ किलोमीटरचा परकोट पूर्ण केला. त्याला चार दरवाजे : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. पाच खिडक्या : चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड. वेशीवर दगडात कोरलेले राजचिन्ह आहे, हत्तीवर मात करणारा सिंह. बलाढ्य शत्रूलाही शौर्याने नमविता येते, असा त्याचा अर्थ रूढ आहे. याच वंशातील राणी हिराईने पती बीरशहाची देखणी समाधी आणि महाकालीचे मंदिर उभारले. तेथील चैत्र यात्रेला आजही दूरदूरहून भाविक लोटतात.

१७५१ साली हे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले, पुढे इंग्रज आले. राज्य गेले, तरी त्या चिन्हाचा अर्थ लोप पावला नाही. १८५८ साली बाबूराव शेडमाके या पंचविशीतील तरुण जमीनदाराने वनप्रदेशातील युवकांना एकत्र करून इंग्रजांशी झुंज दिली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. बलाढ्य सत्तेसमोर उभा राहिलेला हा वीर पाहिला, म्हणजे वेशीवरील सिंह केवळ शोभेसाठी कोरला नव्हता हे कळते. भारतीय टपाल खात्याने २००९ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

असे असूनही या परकोटाची उपेक्षा झाली. भिंतीवर झाडेझुडपे माजली, बुरुज कचऱ्याने भरले. ज्या दरवाजातून नित्य जाणे-येणे, त्याच्या माथ्यावर काय कोरले आहे हे नगरातील मुलांना ठाऊक नव्हते. २०१७ साली ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी हाती कोयते आणि फावडी घेतली. दररोज पहाटे श्रमदान करीत त्यांनी भिंत आणि बुरुज मोकळे केले. त्याच वर्षी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून या कार्याचा गौरव केला. शासकीय आदेशाची वाट न पाहता समाज स्वतः उभा राहिला, हे या कार्याचे मोल आहे.

या कार्यात प्रत्येक कुटुंबाला वाटा उचलता येईल. येत्या सुट्टीत ताडोबाला वाघ पाहण्यास जाणाऱ्या पालकांनी एक सकाळ चंद्रपूर नगरासाठी राखून ठेवावी. मुलांना जटपुरा दरवाजाखाली उभे करून तो सिंह दाखवावा, राणी हिराईची आणि बाबूरावांची कथा सांगावी. शिक्षकांनी नकाशावर वर्धा, वैनगंगा, प्राणहिता बोटाने गिरवून घ्याव्यात आणि वर्गातील गोंड मुलाकडून सर्वांनी गोंडीतील दहा शब्द शिकावेत. आपल्या भाषेला वर्गात मान आहे हे त्या मुलाला त्या दिवशी कळेल, आणि उरलेल्या मुलांना आपल्या शेजाऱ्याची ओळख होईल.