पिवळ्या लॉनखालचे सूत्रकृमी



भोर-वेल्ह्याकडे आता घरापुढे लॉन आणि मागे परसबाग असं चित्र बऱ्याच ठिकाणी दिसतं. याच बागेत वांगी-टोमॅटो दुपारी माना टाकतात, संध्याकाळी सावरतात. लॉनवर पिवळे चट्टे पडतात. आपण पाणी वाढवतो, युरिया टाकतो, तरी फरक पडत नाही. अशा वेळी एक रोप मातीसकट अलगद उकरून काढा आणि मूळ धुऊन पाहा.

मूळच जागोजागी सुजून गाठाळलेलं असेल, तर ते सूत्रकृमीचं काम. हा कृमी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. पिल्लू मुळात शिरतं, तिथे गाठ धरते, आणि एकेक मादी ३००-४०० अंडी घालते. उबदार मातीत महिन्याभरात नवी पिढी तयार! घेवडा, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींना मात्र घाबरू नका. त्या नखाने सहज सुटतात, आतून गुलाबी असतात. त्या नत्र देणाऱ्या जिवाणूंच्या. भाताच्या रोपात सूत्रकृमीमुळे मुळाचं टोक आकड्यासारखं वळतं.

लॉनमध्ये ओळख अवघड. गाठी दिसतीलच असं नाही. मुळं आखूड, काळपट आणि विरळ होतात. चट्ट्यातलं गवत ओढल्यावर चटईसारखं उचलून आलं आणि खाली पांढरी, वाकडी अळी सापडली, तर ती हुमणी. तिचा उपाय वेगळा. शंका उरली तर चट्ट्याच्या कडेची, वीतभर खोलीपर्यंतची माती चार-पाच ठिकाणांहून मुळांसकट घ्या. पिशवीत बांधून सावलीत ठेवा आणि तपासून घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर संशोधन चालतं.

आता उपाय. आपल्या मावळपट्ट्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर तोडलेल्या फांद्या-पाचोळा जाळतात. त्या आचेने वरच्या थरातलं तणाचं बी आणि बरीच कीड मरते. परसबागेत हेच काम वैशाखातलं ऊन करतं, तेही झाडाची एक फांदी न तोडता. एप्रिलच्या मध्यालाच वाफा खणा, ओला करा, पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा आणि कडा मातीने दाबा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. पाऊस येण्याआधी चार ते सहा आठवडे मिळायला हवेत. खोलवरचे कृमी वाचतात, म्हणून पुढे लागवडीच्या वेळी चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. वांगी काढलेल्या वाफ्यात सूत्रकृमींना आळा घालायला झेंडू लावायचा तर कडेला चार रोपं पुरत नाहीत. अख्खा वाफा दोन-तीन महिने झेंडूचाच ठेवा.

उभ्या लॉनवर प्लास्टिक चालत नाही. तिथे काट्याने जमीन भोसकून पेंडीची पूड पसरा, गवत थोडं उंच कापा. फोरेट या कीटकनाशकावर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या थिमेटवर, देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना डबा घरात असेल तर मुलं खेळतात त्या हिरवळीवर तो मुळीच उघडू नका.

सूत्रकृमी स्वतःहून फार लांब सरकत नाहीत. ते बहुधा आपणच आणतो, रोपाच्या पिशवीतून, लॉनच्या गादीतून, उसन्या कुदळीला चिकटलेल्या मातीतून. म्हणून रोपवाटिकेत पैसे देण्याआधी एक पिशवी उघडून मूळ बघायला मागा, आणि कुदळ धुऊनच वाफ्यात घाला.