संघ विकावा कीं वारसांस ठेवावा ?

पुण्यासारख्या क्रीडाप्रेमी नगरींत खेळाच्या संघाचा मालक वृद्ध झाला, म्हणजे एक प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो : संघ हयातींत विकावा, कीं वारसांस ठेवावा ?

अमेरिकेंत हा निर्णय करांच्या धोरणानें ठरतो. तेथें वारसाकडे आलेल्या मालमत्तेची किंमत मृत्युसमयींच्या बाजारभावानें धरतात. त्यामुळें तोंवरचा नफा भांडवली नफ्याच्या करांतून सुटतो. म्हणून वृद्ध मालक विक्री लांबवितात. परंतु मोठ्या मिळकतींवर मृत्युकर आहेच. मायामीच्या फुटबॉल-संघाचे मालक ज्यो रॉबी १९९० सालीं वारले आणि त्या कराच्या भारामुळें कुटुंबानें १९९४ सालीं संघ विकला.

आपल्याकडील स्थिति निराळी आहे. भारतांतील मृत्युकर १९८५ सालीं उठला. शेअर वारशानें मिळतांना कर पडत नाहीं. पण वारसानें ते विकल्यास मूळ मालकाची खरेदी-किंमतच हिशेबांत धरतात. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर कराचा दर साडेबारा टक्के आहे, अधिभार वेगळा. थांबल्यानें कर मिटत नाहीं, केवळ मुलांच्या माथीं जातो.

थांबण्यांत धोकाही आहे. सहारा समूहानें २०१० सालीं पुण्याचा क्रिकेट-संघ सदतीस कोटी डॉलरांस घेतला. २०१३ सालीं शुल्काच्या वादांत तो संघच स्पर्धेंतून नाहींसा झाला.

तेव्हां मालकानें आधीं एवढेंच पाहावें : पुढच्या पिढीस संघाची हौस व ऐपत आहे काय ? असल्यास मृत्युपत्र वेळींच करावें. नसल्यास, चांगलें गिऱ्हाईक आहे तोंच विक्री उरकावी.