एक एकर तुतीचा हिशेब

एक-दोन एकरवाल्याचं खरं दुखणं म्हणजे पैसा वर्षातून एकदाच हाती येतो, तोही भाव असला तर. म्हणून आज तुती आणि रेशीम अळीबद्दल बोलू.

तुती एकदा लावली की बारा-पंधरा वर्षं पाला देते, आणि रेशीम अळी हाच पाला खाते. अंडी फुटल्यापासून अळी साधारण पंचवीस-अठ्ठावीस दिवसांत कोष विणायला लागते. त्यातले पहिले आठ-दहा दिवस नाजूक. ते चॉकी केंद्रावर (जिथे लहान अळ्या वाढवून देतात) सोपवून वाढलेली अळी विकत घ्या, म्हणजे आपल्याकडे वीसेक दिवसांचंच काम उरतं. मात्र चौथी कात टाकल्यावर अळीची भूक बघावी! एकूण पाल्यातला चार-पंचमांशाहून जास्त पाला ती याच शेवटच्या आठवड्यात फस्त करते. घरात दोन हात जास्तीचे नसतील, तर तेव्हा तारांबळ उडते. पाणी असेल तर वर्षाला कोषांची चार-पाच पिकं निघतात.

कोषांचे भाव खाली-वर होतात, हेही सांगून ठेवतो. पूर्वी आपल्या शेतकऱ्याला कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागे. आता जालन्यातही बाजार आहे.

एक धोका मोठा. शेजारच्या कपाशीवरचं औषध वाऱ्याने तुतीवर आलं, तर अळ्यांची अख्खी बॅच हातची जाते. तेव्हा लागवडीआधी शेजाऱ्याशी बोला. अळ्या वाढवायच्या संगोपनगृहासाठी कर्ज काढण्याआधी जिल्हा रेशीम कार्यालयात रोजगार हमीच्या अनुदानाची चौकशी जरूर करा.