उशिरा शिकलेली इंग्रजी

(अल मनखूल, दुबई येथील जयंती समारंभातील भाषण)



आम्ही मराठी शाळेत शिकलो. इंग्रजी पाचवीपासून होती. परंतु गुरुजी धडा मराठीत समजावून सांगत आणि आम्ही उत्तरे पाठ करीत असू. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राच्या पहिल्याच तोंडी परीक्षेत समोरचे हाड आम्ही ओळखले होते, त्याला जोडलेले स्नायू ठाऊक होते. फक्त वाक्य जुळेना. परीक्षकांना वाटले, विद्यार्थ्याने अभ्यासच केलेला नाही. खऱ्या अर्थाने इंग्रजी आम्ही त्यानंतर, वयाच्या अठराव्या वर्षी शिकू लागलो.

तेच दृश्य आम्ही येथे पुन्हा पाहिले. आमच्या परिचयाच्या एका भगिनीने मराठवाड्यात बारा वर्षे वॉर्ड सांभाळला. येथे आल्यावर मात्र त्या एका वृद्धेची घरी देखभाल करीत होत्या. दुबई आरोग्य प्राधिकरणाची परवाना परीक्षा इंग्रजीत, संगणकावर, पर्याय निवडून देण्याची असते. ती त्या दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाल्या. अडल्या त्या मुलाखतीत. "पाळी बदलताना या रुग्णाची माहिती पुढच्या सिस्टरला द्या," एवढेच सांगण्यात आले होते.

मनखूलमधील एका सदनिकेत आम्ही काही मंडळी शुक्रवारी इंग्रजीचा वर्ग घेत असू. 2022 पासून येथील साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली, तेव्हा वर्गही रविवारी गेला. तेथे आम्ही व्याकरण बाजूला ठेवले आणि रुग्णालयातील हँडओव्हरची चौकट घेतली : आताची स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि आता काय करावे. या भगिनींनी सराव स्वयंपाकघरात केला. भात करपला ही स्थिती, गॅस मोठा राहिला ही पार्श्वभूमी! घरात हशा पिकला. पण जीभ सैल झाली. एकेचाळिसाव्या वर्षी त्या स्टाफ नर्स म्हणून रुजू झाल्या. आता त्यांचे लक्ष ब्रिटनकडे आहे. तेथील नोंदणीसाठी चालणारी ओईटी ही परीक्षा वैद्यकीय व्यवसायांसाठीच बेतलेली आहे. तिच्यात परिचारिकेला रुग्णाशी संवाद साधून दाखवावा लागतो आणि पत्रही लिहावे लागते. ऐकणे, वाचणे, बोलणे यांत त्यांना हवी ती श्रेणी मिळाली. लेखन राहिले आहे. त्या पुन्हा बसणार आहेत.

बांधकामावरील आमच्या बांधवांचा प्रश्न याहून आधीचा. दहावी उत्तीर्ण नसलेल्या बहुतेक कामगारांना या देशात नोकरीसाठी येताना भारत सरकारची स्थलांतर तपासणी पार करावी लागते. पुष्कळांची दहावी अडली ती गणितात नाही तर इंग्रजीत. सतरा नंबरचा अर्ज भरून तिशीतही ती देता येते, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते.

प्रौढ माणसाला बुद्धी कमी पडत नाही, त्याला लाज आड येते. मुलगा चूक काढील, मुकादम हसेल, म्हणून तो गप्प राहतो. आम्ही वर्गात बाबासाहेबांच्या जर्मन भाषेची गोष्ट सांगतो. 1922 साली त्यांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदविले, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. कोलंबियाची पदवी हाती असलेल्या या माणसाने आणखी एक परकी भाषा अभ्यासली होती. इतका मोठा दाखला भाताच्या गोष्टीशेजारी ठेवणे काहींना रुचणार नाही. आम्हांला त्यात वावगे वाटत नाही.

वर्गात सध्या शिकणारे पुष्कळ आणि शिकविणारे तिघेच आहेत. येथे बँकांत, विमा कंपन्यांत, शाळांत काम करणारे आपण बरेच जण बसलो आहोत. शिकवायला पदवी लागत नाही. समोरचा अडखळत बोलत असताना त्याचे वाक्य आपण पुरे न करता थांबता आले पाहिजे, आणि हे, खरे सांगायचे तर, आम्हा डॉक्टरांनाच सर्वांत जड जाते. येत्या रविवारी दोन तास ज्यांना देता येतील, त्यांनी सभेनंतर दारापाशी आपले नाव लिहून द्यावे.

जयभीम.